ओ पॉझिटिव्ह माहेर

नाशिक रोड
२५ ऑक्टोबर २०२५

आशाताई,

वर ‘तीर्थस्वरूप’ वगैरे काही लिहिलेलं नाही. रुसलेल्या माणसाला पदव्या लावल्या की ते आणखी फुगतं. नुसता नमस्कार घ्या.

फोन तुमचा लागत नाही. मेसेजला एकच टिक येते, म्हणजे तुम्ही मला ब्लॉक केलंय, एवढं मलाही कळतं. म्हणून ही पोस्टातली बाई शेवटी पोस्टाच्याच दारात आली. इतकी वर्षं काउंटरवर बसून लोकांची पत्रं तोलली, स्वतः लिहायची पाळी आज आली. स्पीड पोस्टाने धाडतेय. पत्र तुमच्या हातात पडल्याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर दिसते बरं का. तेव्हा ‘मिळालंच नाही’ ही सबब विंचूरला ठेवा, इथे चालणार नाही.

परवा भाऊबीज झाली. तुमचा भाऊ सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडाला मास्क लावून बाहेरच्या खोलीत बसला होता. दुपारी म्हटलं, जेवून घ्या. तर म्हणे, “अक्काला गाडी मिळाली नसेल.” मग म्हणाले, “दाजींची द्राक्षांची छाटणी चालू असेल, मजुरांचा डबा करून निघायचं म्हणजे उशीर होणारच.” दिवे लागल्यावर उठले. शर्ट काढून घडी घालून ठेवला. मला तुमचा राग आला, ताई. चांगला सणसणीत आला.

तुमच्या रुसण्याचं कारण मला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये तुम्ही मुंबईच्या हॉस्पिटलात दोन्ही हातांत सुया घालून घेऊन भावाला रक्तातलं बियाणं, त्या मूळपेशी, दिलंत आणि माझ्याकडून रिकाम्या पदराने परत गेलात. मी तुमची ओटी भरली नाही. जूनमध्ये आलात तेव्हाही नाही, राखीलाही नाही. माहेरची लेक सव्वा हात खण आणि नारळासाठी येत नाही, पण तो नाही मिळाला की आयुष्यभर विसरत नाही. मी पण कुणाची तरी लेक आहे, मला कळतं. पण काय करू? ब्लड कॅन्सर गेला आणि त्याच्या जागी डॉक्टरांचे नियम घरात राहायला आले. कुंडी नको, फुलं नकोत, शेंडीचा नारळ नको, सुटे तांदूळ नकोत, बुरशी असते म्हणे. आता नारळ-तांदळाशिवाय ओटी कशी भरायची ते तुम्हीच सांगा.

बाकी तब्येत ठीक आहे. गोळ्यांनी चेहरा वाटोळा झालाय. रक्ताचा गट आता तुमचाच, ओ पॉझिटिव्ह. तपासलं तर रक्त बाईचं निघतं! डॉक्टर म्हणाल्या, हीच चांगली खूण. लॅबमधल्या पोरीने दोनदा पेशंटचं नाव विचारून घेतलं. हट्टही तुमचाच उतरलाय असं मला वाटतं, कारण मऊ भाताला नाक मुरडण्याची ती तऱ्हा मी पूर्वी फक्त नांदगावला, तुमच्या माहेरी, तुमचीच पाहिली होती. मी संसार नवऱ्याशी करतेय की नणंदेशी, तेच हल्ली समजत नाही.

एक फोन करा. भांडायला करा, पण करा.

उज्वला


नाशिक रोड
१२ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळाल्याची नोंद आली. उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीही नांदगावच्याच घरची सून आहे.

मागच्या पत्रात ‘तब्येत ठीक आहे’ असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. ही माझी जुनी खोड. कुणी विचारलं की तोंडातून ‘ठीक’ आधी बाहेर पडतं, मग मी विचार करते. शेखर दिवाळीच्या आधीपासून खचत चालले होते. चार दिवसांपूर्वी त्यांना इथल्या हॉस्पिटलात ठेवलंय. मी अर्धा दिवस रजा टाकते, अर्धा दिवस काउंटर. हे पत्र त्यांच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय. ते झोपलेत.

डॉक्टर लतिका यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. तुमच्या पेशी त्यांच्या अंगात रुजल्या, पण नव्या घरात आल्याआल्या त्यांनी घरातल्यांशीच वैर धरलं. आधी कातडीशी, मग आतड्यांशी. दुसऱ्याच्या पेशी घेतल्या की पुष्कळांना असं होतं. त्यांना आवरायला स्टेरॉइड चालू केलं. पेशी आवरल्या, पण त्याच तर घराच्या राखणदार! राखणदाराला गुंगी दिली की काय होणार? सीएमव्ही नावाचा एक विषाणू आहे, तो उठला. तो बाहेरून आलेला नाही, ताई. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि जुन्या भाडेकरूसारखा कोपऱ्यात निमूट पडून राहतो. घरमालक आजारी पडला की मात्र घर बळकावायला निघतो. आता तो आतड्यात आहे. तिथून फुप्फुसात गेला, डोळ्यांत गेला, तर पुढे काय, ते मी विचारलं नाही.

पहिलं औषध दिवाळीआधीच घरी सुरू झालं होतं, ते त्याने जुमानलं नाही. दुसरं चालू केलंय, त्याने मूत्रपिंडं कुरकुरायला लागलीत. दर आठवड्याला रक्तातल्या विषाणूचा आकडा येतो आणि तो वरच जातो.

आता मुद्द्याचं. एप्रिलमध्ये तुमचं रक्त तपासलं होतं. त्यात दिसलं की हा विषाणू तुम्हालाही केव्हातरी होऊन गेलाय. म्हणजे तुमच्या काही पेशी त्याला तोंडावरून ओळखतात. तुमचं रक्त पुन्हा एकदा त्या मशीनमधून काढायचं, त्यातल्या नेमक्या तेवढ्याच ओळखीच्या पेशी वेचायच्या आणि शेखरना द्यायच्या. मुंबईच्या त्याच हॉस्पिटलात ती सोय आहे. डॉक्टर शब्द देत नाहीत. जुना त्रास थोडा उसळू शकतो, असंही त्यांनी सांगून ठेवलंय. पण दुसरा चांगला मार्ग त्यांच्याकडे नाही, हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं.

या जगात या कामाला चालेल असं माणूस एकच आहे, आणि त्याचा फोन मला लागत नाही.

ओटीचा राग माझ्यावर काढा. सगळ्या भावकीत मला नावं ठेवा, मी मान खाली घालून ऐकीन. पण तो त्यांच्यावर नका काढू. तुमच्या पाया पडते म्हणायला मला जड जात नाही. पडते.

उज्वला


नाशिक रोड
१९ नोव्हेंबर

ताई,

आज दाजी पोस्टात आले होते. तुम्हाला सांगून आले नाहीत, तेव्हा आधीच सांगते, त्यांना रागावू नका.

मी मान खाली घालून पार्सल तोलत होते. “पुढचे या,” म्हटलं आणि वर बघते तर दाजी. टोपी हातात, रांगेत सगळ्यांच्या मागून नंबर लावून आलेले! म्हटलं, “अहो, आत यायचं, रांगेत काय उभे राहिलात?” तर म्हणाले, “नंबरानं आलो म्हंजी तुमाला ऐकावं लागंल. गिऱ्हाईक हाय मी.” त्यांनी पाच रुपयांचं तिकीट मागितलं आणि तिकिटाकडे बघतच बोलले.

“वहिनी, ती रुसली नाय. ती भेली हाय.”

मला काही कळेना. मागच्या आजोबांना शेजारच्या काउंटरवर पाठवलं.

“तिचं म्हन्नं, माहं रगत त्याच्या अंगात हाय, ते मला वळखतं. मी जवळ गेले का ते उसळतं. जूनला आली तं त्याचे हात लाल झाले. राखीला आली तं पोट गेलं. आमच्या रंगूआत्यानं बी तेच सांगितलं, म्हनली नको जाऊ त्याच्याम्होरं. तवापासून तिनं ठरवलं का भावाचं तोंड बघायचं नाय. भाऊबीजेला तबक केलं, दिवा लावला, अन् नाशकाकडं तोंड करून वसरीत ववाळलं. रडती, पन जात नाय. फोनबी त्याच्यासाठीच बंद केला. म्हन्ती, आवाज ऐकला का पाय निघंल.”

मग तिकीट टोपीत ठेवत म्हणाले, “त्या डाक्टरीनबाई बोलल्या व्हत्या ना, तुमच्या पेशीला त्याचं अंग परकं वाटतं म्हनून. ते तिच्या काळजात बसलं. म्हन्ती, मी परक्या घरी गेले त्याला विलाज नव्हता, पन माह्या रगतानं माह्या भावाला परकं कसं म्हनलं?”

मी काउंटरवर ‘बंद आहे’ची पाटी लावली आणि मागे चहाच्या खोलीत जाऊन रडले. मी बाई नारळ धरून बसले होते! दोन महिने मनात तुमच्याशी खणावरून भांडत होते, आणि तुम्ही तिकडे नाशिककडे तोंड करून ओवाळत होतात.

आता माझं ऐका, आणि नीट ऐका.

जूनमध्ये तुम्ही आलात त्याच्या आदल्या दिवशीच त्यांचे तळहात लाल झाले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही. इतक्या लांबून आलेलं माणूस दारातच घाबरेल म्हणून त्यांना पातळ हातमोजे घालायला लावले. आठवतं? तुम्ही विचारलं, मोजे कशाला गं, आणि मी म्हटलं, “नियम आहे.” नियम नव्हता, ताई, माझा चोंबडेपणा होता. दुसऱ्या दिवशी फोनवर बोलता बोलता तोंडातून गेलं, की हात लाल झालेत. तुम्ही हिशोब केलात, काल मी होते, आज लाली.

राखीलाही तेच. पोट दोन दिवस आधीपासून बिघडलं होतं. तुम्ही नारळीभात करून आणलात, ते घास चिवडत बसले, आणि मी सांगितलं की सकाळचा नाश्ता जड झालाय. ‘ठीक, ठीक’ करत मी तुम्हाला चांगलंच ठकवलं. खरं बोलले असते तर रंगूआत्यांच्या तोंडाला कुलूप बसलं असतं.

दुपारी डॉक्टरांना गाठलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पेशींना दार दिसत नाही, दारात कोण आलंय तेही कळत नाही. नणंदेला सांगा, त्या आल्या काय, न आल्या काय, आजाराला त्याचा पत्ता नसतो.” मग म्हणाल्या, “परकं हा शब्द माझा चुकला. बहिणीसमोर तो वापरायला नको होता. समजावताना आम्ही पुस्तकातलं बोलून जातो.” हे त्यांनी स्वतःहून म्हटलं, मी म्हणवून घेतलेलं नाही.

आणि खरं सांगू? ज्या पेशी इतक्या भांडकुदळ आहेत, त्याच आपल्याला हव्या आहेत. फक्त या वेळी भांडण योग्य घरी लावायचंय.

आकडा काल पुन्हा वर गेलाय. शेखरनी आज दोन चमचे पेज घेतली. हे मी ‘ठीक’ म्हणून लिहीत नाही, आहे तसं लिहितेय. सोमवारी त्यांना मुंबईला हलवतोय. दाजी म्हणाले, “घेऊन येतो, पन तिला तुमी लिवा.” लिहिलं.

तुमची,
उज्वला


मुंबई
५ डिसेंबर

ताई,

विंचूरला सुखरूप पोचलात, दाजींचा फोन आला. तुम्ही बोलला नाहीत, पण मागे तुमच्या बांगड्या वाजल्या. तेवढ्यावर मी भागवून घेतलं.

तुमच्या पेशी त्यांना परवा दिल्या. केवढीशी पिशवी, ताई! मला वाटलं होतं मोठं काही असेल. दुधाळ पाण्यासारखं थोडंसं, बघता बघता संपलंही. नर्सबाईंना विचारलं, एवढंच? त्या म्हणाल्या, मोजक्याच असतात, पण कामाच्या असतात. मी मनात म्हटलं, आमच्या आशाताईंसारख्याच.

आकडा अजून खाली आलेला नाही. लगेच येत नाही म्हणतात, दोन-तीन आठवडे लागतात. मी वाट बघतेय. पोस्टातल्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही, पण ही वाट फार जड आहे.

तुम्ही सुया टोचून घेताना हूं की चूं केलं नाही. नंतर काचेच्या दारापर्यंत आलात. मी हात धरला होता. ते आत झोपले होते, तोंड आपल्याच बाजूला होतं. आणि तुम्ही पदर डोळ्यांवर ओढून मागे फिरलात. “कळतं गं मला,” म्हणालात, “डाक्टरीनबाई खरंच सांगतात. पन माहे पायच तयार नाय. बरा झाला का बघीन.” मी ओढलं नाही. शहाणपण डोक्यात लगेच शिरतं, काळजात जायला त्याला वेळ लागतो. माझंही तसंच आहे.

जिन्यात भरलेली ओटी मात्र मी जन्मभर विसरणार नाही. समोरच्या वाण्याकडून नारळ आणि मूठभर तांदूळ आणले आणि पिशवीत लपवून वर येत होते, तर वॉचमनने अडवलं. तुम्ही वरून म्हणालात, “आत नको आणू गं, त्याला बाधंल. हिथंच भर.” मग जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी वळसे घातले, मी एका पायरीवर, तुम्ही दुसऱ्या. कुंकू आणायला विसरले, तर तुम्ही आपल्याच कपाळाचं बोटाने काढून माझ्या कपाळाला लावलंत. ओटी भरणारी मी, आणि कुंकू तुमचं! सगळा उलटा कारभार. पण तुमच्या पदरात नारळ पडला तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

ते जागे झाल्यावर सांगितलं, अक्का येऊन गेली. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, “भाकरी आणली होती का?” खाता तर येत नाही, पण चौकशी केली.

उज्वला


नाशिक रोड
७ जानेवारी २०२६

आशाताई,

आधी तोंड गोड करा, मग हे पत्र वाचा.

आकडा उतरला. पहिल्या आठवड्यात तसूभर हलला नाही, उलट जरा चढलाच. तेव्हा मी तुम्हाला कळवलं नाही. हो, पुन्हा तीच खोड. पण दाजींना कळवलं होतं, विचारा हवं तर. तिसऱ्या आठवड्यात निम्मा झाला. आणि काल डॉक्टरांनी कागद पुढे केला. विषाणू सापडत नाही, असं लिहिलंय. त्या म्हणाल्या, “ओळखलं हो तुमच्या नणंदेच्या पेशींनी.” जुना त्रास सगळा गेलेला नाही. डोळे कोरडे आहेत, कातडी अजून कडक आहे, गोळ्या आहेत, मास्क आहे, पुढे काय ते कुणी छातीठोक सांगत नाही. हे सगळं आहे तसं सांगितलं. आता यात ‘ठीक’ कुठेही नाही, बघा.

आम्ही घरी आलोय. आणि आज काय झालं ते ऐका. दुपारी त्यांना दुधीची भाजी आणि मऊ पोळी वाढली. पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. “हिच्यात मीठ आहे का? आजारी माणसाला काय शिक्षा देतेस का?” मी म्हटलं, डॉक्टरांनी कमी सांगितलंय. तर म्हणाले, “डॉक्टर येतात का जेवायला?” आवाज चढला, ताई! इतक्या महिन्यांत त्या माणसाने माझ्याशी भांडण केलं नव्हतं. जे दिलं ते गिळत होता, नाहीतर मान फिरवत होता. भांडायलाही अंगात बळ लागतं. मी पण सोडलं नाही, दोन सुनावल्या. त्यांनी तीन सुनावल्या. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून इतकी रडले की ते बिचारे उठून बघायला आले. वाटलं, फारच लागलं बोलणं. मी म्हटलं, “तुमचं नाही हो, तुमच्या अक्काचं लागलं. माझी नणंदच भांडतेय, बघा किती छान भांडते.”

ताई, तुमचं माहेर नांदगावात नाही, नाशिक रोडलाही नाही. ते त्या माणसाच्या नसांतून फिरतंय. तिथे तुम्हाला कुणी परकं म्हणू शकत नाही, तो विषाणूसुद्धा नाही.

बुधवारी संक्रांत आहे. या. सर्दी-खोकला असेल तर नका येऊ, नसेल तर बहाणे करू नका. हात धुवायचे, मास्क लावायचा, फुलं-नारळ खाली जिन्यातच ठेवायचे. ओवाळायला तबक माझं वापरू. त्यांनी शर्ट बाहेर काढून ठेवलाय, तोच, भाऊबीजेचा. मी इस्त्री फिरवली.

वाट बघते.
उज्वला


विंचूर
१० जानेवारी

उज्वला,

मला लिवायचं वळन राह्यलं नाय, अक्षर लागंल तसं वाच.

तुहं पत्र यांनी दोनदा वाचून दाखवलं. मिठाचं आलं तिथं मी हसले न मंग लय रडले. त्याला सांग, मीठ कमीच खा, नायतर मी येऊन कान पिळीन.

बुधवारी सकाळच्या गाडीनं येते. तीळ हितंच भाजून घेते, चांगले कडक, बुरशी-बिरशी नाय राहायची. फुलं आनत नाय. रंगूआत्याला सांगितलं का मी चालले, ती तोंड फिरवून बसली. बसू दे.

एकच काम कर. मी खालून हाक मारीन. तू दार उघडायच्या आधी त्याच्याकडं नीट बघ. हात बघ, तोंड बघ, पोटाचं इचार. काय असंल ते आधीच मला दारातून वरडून सांग, झाकू नको. मंग मी आत येईन. अन् मी गेल्यावर दुसऱ्या दिशी त्याच्या अंगावर काय उठलं, तर मला फोन कर, न पहिलं हे सांग का आशे, हे तुह्यामुळं नाय. मला म्हाईत हाय ते. तरी तू सांग.

फोन चालू केला हाय.

आशा